गिरणीतला न झाडलेला कोपरा

सेवादास राठोडला कुणी नवीन माणूस भेटला की हटकून विचारायचा, मुंबईला तू करतोस तरी काय? आणि सेवादास हटकून सांगायचा, मी काही करत नाही, जे चाललंय ते बंद पडू देत नाही. उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण मुलगी मागायला गेलेल्या माणसानं असलं खरं उत्तर देऊ नये, एवढी अक्कल त्याला डिप्लोम्यात कुणी शिकवली नव्हती.

यवतमाळला मॅट्रिक, नागपूरला मशिनरीचा डिप्लोमा आणि मग मुंबईच्या खाडीकाठी एका तेलशुद्धीकरण कारखान्यात देखभाल खात्याचा सुपरवायझर, अशी त्याची वाटचाल. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. घरचे सगळे म्हणत होते, आता लग्न कर. सेवादासलाही करायचंच होतं, पण एकीशीच. मागच्या दिवाळीत पुसदच्या बाजारात त्यानं एक मुलगी पाहिली होती. एका व्यापाऱ्याचा अंगठा तराजूच्या पारड्यावर टेकला होता आणि ती मुलगी भर गर्दीत त्याला म्हणत होती, "शेठ, अंगठा बी इकता काय? मंग त्याचा भाव सांगा ना!" सेवादास खदखदून हसला. मुलीनं वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. चौकशी केली तेव्हा कळलं, हिरासिंग नाईकाच्या तांड्यातल्या बाबूसिंग जाधवाची ती सोनी. बाबूसिंगाच्या बापानं उभा जन्म बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बाबूसिंगानं एका जागी बसून पुसदच्या रस्त्याला डाळीची गिरणी टाकली होती.

बोलणी झाली, पण गोळ खाणं राहिलं. बंजाऱ्यांत सोयरीक पक्की झाली की सगळ्यांनी मिळून गूळ खायचा असतो. तो तोंडात पडला म्हणजे शब्द पडला. तांड्याचे प्रमुख हिरासिंग नाईक, त्यांनी मात्र गुळाच्या ढेपेवर हात ठेवून सांगितलं, "थांबा. आधी पोरगा तांड्यात राहू द्या."

ही फार जुनी चाल. नवरदेवाला त्यांच्या बोलीत वेतडू म्हणतात. पूर्वी वेतडू लग्नाआधी महिनोन्‌महिने मुलीच्या तांड्यात येऊन राहायचा, पडेल ते काम करायचा आणि बायाबापड्यांची चेष्टा निमूट गिळायचा. आता कुणी एवढं करत नसे. पण हिरासिंग नाईक जुन्याचे कट्टर.

"रजा किती हाय?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस, नाईक."

"मंग पंधरा दिवस राह्य. शेवटच्या संध्याकाळी बैठक बसन. पोरीच्या मायबापानं पसंत म्हटलं तं गोळ खाऊ. नाई म्हटलं तं पुसदवरून बस हायेच."

झालं. ज्या माणसानं चार मजली मनोऱ्यांच्या नाड्या तपासल्या होत्या, तो पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन बाबूसिंगाच्या पडवीत येऊन पडला.

पहिल्याच संध्याकाळी तांडा त्याच्याभोवती जमला. आपसात बोलायला त्यांची गोरबोली होती, पण गिरणीवर गावोगावची गिऱ्हाइकं यायची, त्यामुळे बाबूसिंगाच्या घरात वऱ्हाडी पार चुलीपर्यंत शिरली होती.

"बंद पडू देत नाई म्हणते, म्हंजे काय करते?" नाईकांनी विचारलं.

सेवादास खुलला. हा त्याचा आवडता विषय. "नाईक, जमिनीतून तेल निघते ना, त्यातलं पातळ पातळ काढून घेतलं का खाली जाडंभरडं तेल उरते. त्याचं पेट्रोल होत नाई. मंग आमी त्याले फोडतो."

"तेल फोडता? कायनं? घणानं?"

"पावडरीनं. पिठापेक्षा बारीक असते, मातीचीच. ती लालबुंद तापवायची अन खालून वारं सोडायचं. वारं भरलं का ती पावडर पेजेवानी खदखदते अन पाण्यावानी नळीतून वाहते. तिच्यात तेल सोडलं का ते फुटते. पावडर काळी पडते, मंग दुसऱ्या पिपात तिची काजळी जाळायची अन परत तेलाकडं धाडायची. रात्रंदिवस तिचा असाच फेरा चालते."

माती पाण्यासारखी वाहते हे ऐकून एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला, तो हसू दाबायला की काळजीनं, ते कळलं नाही.

"मंग यात बिघडते काय?" बाबूसिंगानं विचारलं. गिरणीवाला माणूस, त्याला बिघाडात गोडी.

"नळीचं वळण, मामा. थोडी थोडी पावडर भायेर काढून घ्यावी लागते, तिची एक नळी हाय. पावडर गालाले लावली तं मऊ लागते, पन वाऱ्यासंगं पळत आली का लोखंडाले कानसच. जेथं नळी वळते तेथं ती आपटते अन वळण खाऊन टाकते. आमी जाड लोखंड लावलं, आतून सिमेंट लावलं, वळण गोल गोल करून पाह्यलं. कायीच टिकत नाई. भोक पडलं का तापलेली पावडर फवाऱ्यावानी उडते अन सारं काम थांबवा लागते. सायेब म्हणते, सेवादास, कायी तरी कर."

आत दारामागे सोनी होती. लग्नाआधी वेतडूशी थेट बोलायची रीत नाही, आणि गप्प बसणं तर सोनीच्या स्वभावात नाही. तिनं त्यावर तोड काढली होती. अंगणात चांद्या नावाचा म्हातारा बैल बांधलेला असे. तिला जे काही सांगायचं ते ती त्याला सांगायची.

"चांद्या," ती मोठ्यानं म्हणाली, "मुंबईचे लोक लय हुशार रे बावा. नळी गोल करते, जाड करते, अन तरी भोक पडते. आपला गोठा बरा, सात वर्षात एकच भोक हाय, तेबी तुह्या शिंगाचं."

तांडा खो खो हसला. सेवादासही हसला, आणि आपण पुरते अडकलो आहोत हे त्याला मनोमन पटलं.

आता गिरणीबद्दल सांगायला हवं. टिनाची शेड, एक धापा टाकणारं ऑइल इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारी दोन दगडी चाकं. तूर लोखंडी डब्यांच्या माळेनं माळ्यावर चढायची आणि पत्र्याच्या पन्हळातून घरंगळत खाली जात्याकडे यायची. अर्ध्या वाटेवर पन्हळ काटकोनात वळत होतं, आणि त्या वळणावर पत्र्याची एक चौकोनी पेटी ठोकलेली होती. पेटीच्या कोपऱ्यात जुनी तूर, टरफलं, माती आणि खडे यांचा ढीग साचून घट्ट बसला होता. गिरणी सुरू झाली त्या वर्षापासून तो तिथंच होता. तूर त्याच्या अंगावर येऊन आदळायची आणि खाली वळायची.

या ढिगावरून बाबूसिंग आणि त्याची बायको जमनाबाई यांच्यात भांडण होतं, आणि ते गिरणीइतकंच जुनं होतं. जमनाबाई म्हणजे लख्ख कामाची बाई. तिच्या अंगणात पडलेला दाणा उचलून तोंडात टाकावा. घरी आलेल्या पाहुण्यांना ती गिरणी दाखवायची, तेव्हा पेटीसमोर मुद्दाम आडवी उभी राहायची.

"सोनीचे बा, ते पेटी साफ करान का नाई?"

"करतो. उद्या करतो."

हा उद्या दहा वर्षांत उगवला नव्हता. बाबूसिंग आळशी होता असं मी म्हणणार नाही. पण जे काम न करता चालतं ते करायचं कशाला, अशी त्याची सरळ समजूत होती.

सेवादासनं दोन दिवसांत घराचं राजकारण ओळखलं. बाबूसिंगाचा होकार त्याच्या बायकोच्या होकारामागून चालत येतो, हे तर त्या बैलालाही ठाऊक असावं. तेव्हा जमनाबाईंना जिंकलं की झालं! बाजाराच्या दिवशी गिरणी बंद होती. सेवादासनं बाह्या सारल्या, पेटी उघडली आणि खुरप्यानं ढीग खरवडून काढला. चांगली पाटीभर घाण निघाली. खाली पेटीचा कोपरा दिसला, त्यावरचा हिरवा रंग अगदी काल लावल्यासारखा तकतकीत. सेवादासला वाटलं, वा, काय रंग वापरलाय! त्यापुढे त्याचा विचार गेला नाही. माणूस खूश करायच्या नादात असला की डोळे उघडे असूनही पाहत नाही.

तेवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याच्या अंगात कारखाना होता. इथं परत घाण साचू नये म्हणून त्यानं काटकोनी पेटीच काढून टाकली आणि तिच्या जागी एक सुंदर गोल वळण बसवलं. जाड पत्रा मिळेना, म्हणून रॉकेलचा रिकामा डबा कापला, ठोकून ठोकून गुळगुळीत केला, चारी बाजूंनी पक्का रिवेट केला. रॉकेलचा डबा म्हणजे त्याच्याच धंद्यातला, त्याला तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि तूर त्या वळणावरून अशी सळसळत उतरली, की गिऱ्हाइकंही मान वर करून पाहायला लागली. जमनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दहा वरसं झाले, या घरात माह्यं कोनी ऐकलं नाई," त्या म्हणाल्या. "जवाईबापू, तुमी ऐकलं."

त्या दिवसापासून सेवादासच्या ताटात तुपाची धार पडू लागली. बाबूसिंगाच्या ताटात मात्र येता-जाता टोमणे पडू लागले. पाहा, मुंबईचा माणूस दोन दिवसांत करतो. पाहा, हात असले म्हणजे काम होतं. बाबूसिंग मुकाट्यानं जेवायचा. सोनी पोती मोजता मोजता चांद्याला म्हणाली, "चांद्या, माणूस दिसते तेवढा येडा नाई बरं का!" आणि सेवादास त्या दिवशी इंजिनाला उगीचच दोनदा तेल देऊन आला.

रजा संपायला दोन दिवस उरले असताना हिरासिंग नाईक स्वतः तूर घेऊन आले. बैठकीनंतर तांड्याला जेवण द्यायचं, त्याचं वरण याच डाळीचं. नाईकांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं, डोक्याला नवा लाल फेटा होता. सेवादासनं त्यांना अगदी वळणाखाली नेऊन उभं केलं.

"नाईक, आवाज ऐका. कोठंच खरखर नाई."

नाईकांनी कान दिला. "शिटी वाजून राह्यली बावा."

खरंच, वळणातून बारीक शीळ येत होती. ही शीळ सेवादासच्या ओळखीची होती. मुंबईला ती ऐकली की माणसं पळत सुटतात. त्यानं "इंजिन बंद करा!" म्हणून तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी रॉकेलचा पत्रा टरकन फाटला. मण-दीड मण तूर नाईकांच्या लाल फेट्यावर, खांद्यांवर, धोतराच्या ओच्यात ओतली गेली. काही पट्ट्यावर पडली, पट्टा निसटला, इंजिन मोकाट धावायला लागलं. बाबूसिंगानं ते कसंबसं थांबवलं तेव्हा शेडमध्ये नुसता धुरळा होता, आणि धुरळ्यातून नाईकांचा आवाज आला, शांत आणि म्हणूनच भयंकर.

"सेवादास. जे चाललंय ते तू बंद पडू देत नाई, असंच म्हटलंतं ना?"

गिऱ्हाइकांनी आधी पोटं धरली, मग जमीन धरली. तांड्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दहा वर्षं बिनबोभाट चाललेली गिरणी मुंबईच्या इंजिनियरानं दहा दिवसांत झोपवली! नाईक फेटा झटकत म्हणाले, "उद्या संध्याकाळी बैठकीत पाहू. पोरीचं काम हाय. घर मोडणारा हात घरात घेता येत नाई." या वाक्यावर मात्र कुणी हसलं नाही.

सगळे गेले. सेवादास फाटलेला पत्रा मांडीवर घेऊन पोत्यावर बसला. त्याला रडूच यायचं बाकी होतं. सोनी जाणार, हे एकदा मनात आल्यावर बाकीचं जग त्याला टरफलासारखं वाटायला लागलं.

बाबूसिंग शेजारी येऊन बसला. त्यानं आधी बिडी पेटवली, मग खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, येवढा कायले खचून राह्यला? बैठकीत सांगून दे, रॉकेलचा पत्रा हलका निंगाला. नाईकाले पत्र्यातलं काय समजते? सोनीची माय बी खूश, मी बी मान हलवतो. जाड पत्रा आणू, लावू, झालं."

सुटकेची वाट होती, आणि ती खोटीही नव्हती. पत्रा हलका होताच. सेवादासनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कडा पात्यासारखी पातळ झाली होती. जाड पत्रा लावला तर आणखी चार महिने जातील, मग तोही फाटेल. मुंबईला तर बोटभर जाडीचं लोखंड फाटतं. त्याची नजर कोपऱ्यात फेकलेल्या जुन्या पेटीवर गेली. हिरवा रंग अजून तकतकत होता.

तो उठला. पेटी उचलून दारातल्या उजेडात नेली. दहा वर्षं पोत्यांमागून पोती तूर या कोपऱ्यावर आदळली आणि रंगसुद्धा उडाला नाही? मग आदळली कुठं? आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख झालं. तूर पत्र्यावर कधी आदळलीच नव्हती. ती आदळत होती साचलेल्या तुरीवर. वरचे दाणे झिजून निघून जायचे, नवे येऊन बसायचे, पत्र्याला त्याचा पत्ताच नव्हता. ज्या ढिगाला सगळे घाण म्हणत होते, तीच पेटीची ढाल होती, आणि ती त्यानं स्वतः खुरप्यानं खरवडून उकिरड्यावर नेऊन टाकली होती!

"मामा!" तो ओरडला. "मुंबईचं बी हेच! आमी वळण गोल करतो, साफ ठेवतो, म्हणूनच पावडर त्याले खाते. तेथं एक बंद कोपरा ठेवा लागते. पावडर त्यात साचन, अन मागची पावडर तिच्यावरच आपटन! मामा, हे तुमाले ठाऊक होतं?"

बाबूसिंगानं बिडीचा झुरका घेतला. हो म्हणावं असं त्याच्या फार मनात होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण माणूस प्रामाणिक. "नाई बावा," तो म्हणाला. "मले कंटाळा येत होता."

आता खरी अडचण पुढे उभी राहिली. ही गोष्ट बैठकीत सांगायची, म्हणजे जमनाबाई दहा वर्षं चूक होत्या हे सगळ्या तांड्यापुढे सांगायचं. या घरात सेवादासच्या बाजूनं बोलणारं माणूस एकच, आणि तेच दुखवायचं. न सांगावं तर सोनी मिळेल, पण गिरणी पुन्हा फाटेल, आणि आपण खोटं टिकवून सोनी आणली हे रोज जेवताना आठवेल. अंगणातून जाताना त्याला सोनी दिसली. ती बैलाला वैरण घालत होती.

"चांद्या," ती आज हळू बोलली, "ज्याले जे समजलं ते त्यानं सांगावं. बाजारात अंगठा ठेवणारे लय भेटते."

बैठक नाईकांच्या अंगणात बसली. मध्ये गुळाची ढेप कापडाखाली झाकलेली. सेवादासनं डाव्या हातात फाटका पत्रा आणि उजव्या हातात हिरवी पेटी धरली होती.

"बोल," नाईक म्हणाले. "गिरणी काहून फाटली?"

बाबूसिंगानं लांबून डोळे मिचकावले, पत्रा, पत्रा. सेवादासनं तिकडून नजर काढली.

"पत्रा हलका होता, नाईक. पन कारण ते नाई. जाड असता तरी फाटला असता. चालत होतं ते मी साफ करून टाकलं. कोपऱ्यातला ढीग घाण नव्हती, तोच पेटीची राखण करत होता. हा रंग पाहा. दहा वरसाचा हाय." तो जमनाबाईंकडे वळला. "मामी, तुमचं मन राखाले मी ते काढलं. तुमी मले तूप वाढलं, मायेनं वागवलं, अन मी तुमाले चूक म्हणून राह्यलो. पन ते पेटी साफ कराले नाई पायजे."

जमनाबाई उठल्या. त्यांनी सेवादासच्या हातातून पेटी घेतली, डोळ्यांजवळ नेली, कोपऱ्यावर नख घासून पाहिलं. मग फाटका पत्रा घेऊन त्याच्या भोकातून बोट घातलं. बाईला इंजिनियरिंग येत नव्हतं, पण कुठलं भांडं का झिजतं हे त्यांच्याइतकं तांड्यात कोण जाणत होतं? पेटी घेऊन त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दहा वरसं मी तुमाले आळशी म्हणत होती."

बाबूसिंगानं छाती किंचित पुढे काढली.

"आळशीच हाय तुमी," जमनाबाई म्हणाल्या. "पन तुमच्या आळसानं गिरणी राखली, हे मले आज समजलं. आता तेवढा एकच कोपरा तुमचा. बाकी शेड उद्या झाडून पायजे."

हशा असा उसळला, की नाईकांचा फेटा पुन्हा डुगडुगला. हसू ओसरल्यावर जमनाबाई नाईकांकडे वळल्या. "नाईक, मले खूश करणारा जवाई पायजे होता, तो भेटला नाई. माह्या तोंडावर खरं सांगणारा भेटला. माह्यी पोरगी बी तसलीच हाय. पसंत."

"बाबूसिंग?" नाईकांनी विचारलं.

"तिनं म्हटलं ना," बाबूसिंग म्हणाला.

कापड निघालं. गूळ फुटला. सेवादासच्या तोंडात पडलेल्या खड्यात तुरीचं एक टरफल होतं, ते त्यानं तसंच गिळलं. आयुष्यात असा गोड गूळ त्यानं खाल्ला नव्हता आणि पुढेही कधी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडायच्या आधी त्यानं जुनी पेटी होती तिथं परत ठोकली. पेटी रिकामी होती. ढीग साचेपर्यंत रंगाला त्रास होणार. तेवढ्यात सोनी पाटी घेऊन आली. उकिरड्यावरून तिनं तीच माती, तेच खडे, तीच टरफलं गोळा करून आणली होती. तिनं दोन्ही हातांनी ती कोपऱ्यात दाबून बसवली. चांद्या जवळपास नव्हता. सोनीनं इकडे तिकडे पाहिलं आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलली.

"आता याले हात लावाचा नाई."

"नाई लावत," सेवादास म्हणाला.

मुंबईत साहेबाला पटवणं त्या मानानं सोपं गेलं, कारण त्याच महिन्यात वळण पुन्हा फाटलं होतं. सेवादासनं नळीचं गोल वळण काढून तिथं आडवी-उभी जोडणी केली आणि आडवी नळी वळणाच्या पुढे हातभर वाढवून झाकण लावून बंद केली. पावडर त्या बंद कोपऱ्यात शिरून बसणार आणि मागून येणारी तिच्यावर आपटून खाली वळणार. साहेबानं मान हलवली, म्हणाला, करून पाहा. जोडणी बंद करण्याआधी सेवादासनं झाकणाच्या आतल्या बाजूला पोलादी ठशानं दोन खुणा उठवल्या. देखभालवाले अशा खुणा करतातच, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

लग्न झालं. सोनी कारखान्याजवळच्या खोलीत राहायला आली. तिथं बैल नव्हता, म्हणून रागावली की ती स्टोव्हशी बोलायची.

पुढच्या वर्षी ठरल्या वेळी कारखाना तपासणीसाठी थांबला, वळण फाटलं म्हणून नव्हे. सेवादासनं ते झाकण उघडलं. आत पावडर गच्च बसलेली होती. त्यानं हातानं ती बाजूला केली, बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. साहेबानं मागून विचारलं, काय झालं, खराब आहे का? त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो हसतच. सोनी भाकरी थापत होती.

"उघडलं आज. कायी झालं नाई त्याले. मी आत तुह्यं नाव ठोकलं होतं, 'सोनी'. जसंच्या तसं हाय."

सोनीचा हात थांबला. तिनं स्टोव्हकडे पाहिलं, मग विचार बदलून नवऱ्याकडे पाहिलं.

"वरीसभर माह्यं नाव त्या आगीत ठेवलं?"

"अव, जळलं नाई ना! तेच तं सांगून राह्यलो," सेवादास म्हणाला.

सोनीनं भाकरी तव्यावर टाकली, आणि त्याच्या ताटात, जमनाबाई वाढायच्या तशी, तुपाची धार सोडली.